चिंधीच्या पानावरची आई

उंबऱ्यात उभी राहून कमळनं दोन्ही हात पसरले... अकरा महिने ज्या क्षणाच्या आशेवर तिनं मुंबईच्या क्षयाच्या दवाखान्यात मूठमूठ गोळ्या गिळल्या, तो क्षण अखेर आला होता! पण सतरा महिन्यांची मितू त्या हातांखालून मांजराच्या पिल्लासारखी निसटली, खाटेखाली शिरली, तिथून कापडाचं एक जाडजूड पुस्तक तिनं ओढून काढलं, फतकल मारून पान उलटलं आणि पानावरच्या फोटोला गाल लावून ती म्हणाली,

“आई...!”

फोटो कमळचाच होता. लग्नातला. भरलेल्या गालांचा, काजळाच्या डोळ्यांचा, अंबाडाभर गजरा माळलेला. आणि दारात उभी होती ती गालांची हाडं वर आलेली, दवाखान्यात उवांपायी केस मानेपर्यंत कापलेली, घोगऱ्या आवाजाची एक बाई.

“आई इथं हाय गं, सोने... इकडं बघ ना!”

मितूनं तिच्याकडं एकदा पाहिलं, फोटोकडं एकदा पाहिलं. मग ओठ मुडपला आणि धावत जाऊन चुलीपाशी उभ्या असलेल्या आत्याच्या, शेवंताच्या पायांना घट्ट मिठी मारली.

शेवंताच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तव्यावरची भाकरी करपली. अगं पोरी, तुला अकरा महिने हेच का शिकवलं मी? हेच का?

*

कमळला दवाखान्यात नेलं तेव्हा मितू सहा महिन्यांची होती. अंगावरची पोर तोडून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात सासू ठकुबाई होती, पण संधिवातानं तिची बोटं वळत नव्हती. मितूचा बाप दत्तू एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आज सकाळची शिफ्ट, उद्या दुपारची. राहता राहिली दत्तूची धाकटी बहीण शेवंता. तिचं लग्न खारबावला ठरलेलं, साखरपुडा झालेला. “वर्षभर थांबा,” असा निरोप तिनं स्वतःच धाडला. खारबावची माणसं सहा महिने थांबली आणि मग त्यांनी दुसरी मुलगी पाहिली. शेवंतानं घरातल्या सगळ्यांना एकच गळ घातली, “वहिनीला यातलं काही कळू देऊ नका. आजारी माणसाच्या उशाशी असलं काही नेऊन ठेवायचं नसतं.”

तिला लग्न मोडल्याचं दुःख झालं नाही असं नाही... पण त्याहून मोठा एक प्रश्न तिला दिवसभर कुरतडत होता. सहा महिन्यांच्या पोरीला आई किती दिवस आठवते?

ती ज्याला त्याला विचारत सुटली. शेजारची खैरून खाला, जिच्या घरात कापडाचे चार माग रात्रंदिवस खडखडत, ती हसत म्हणाली, “अरे बच्चा है! जो दूध पिलाएगा, उसी को अम्मा बोलेगा।”

दूध तर शेवंताच पाजत होती! त्या हसण्यानं तिच्या काळजात चर्र झालं. त्याच दिवशी ती लग्नाचा अल्बम घेऊन बाजारातल्या रामनाथ फोटोवाल्याकडं गेली.

“यातली एकेक माणसं वेगळी काढून मोठी करून द्या, दादा. एका फोटोत एकच तोंड.”

“कुणाला पाहिजेत?”

“आमच्या मितूला.”

रामनाथनं चष्मा कपाळावर चढवला. “बाळाचे फोटो काढायला लोक येतात, पोरी. बाळानं बघायला फोटो काढून मागणारी तूच पहिली!”

पहिलं पुस्तक कागदाचं केलं. मितूनं चार दिवसांत बापाचा कान चावून गिळला. ठकुबाई म्हणाली, “आत्ता कान खाल्ला, मोठी झाली म्हंजे डोकं खाईल!” मग खैरून खालानं मागावरचा उरलेला कोऱ्या कापडाचा तुकडा दिला. शेवंतानं त्याला खळ देऊन पुठ्ठ्यासारखा ताठ केला, त्याची पानं कापली, त्यांवर फोटो चिकटवले, वर शर्टांच्या खोक्यांवरचं पारदर्शक प्लॅस्टिक घातलं आणि खालाच्या मशिनीवर चारी बाजूंनी शिवण मारली. चावा, चोखा, आपटा... माणसं आता शाबूत राहणार होती!

आणि मग सुरू झाला एक अद्भुत खेळ. हिला नेमकं काय दिसतं? पन्नास माणसांचा फोटो दाखवला तर मितू जांभई देई, पण पानभर एकच चेहरा दिसला की पाय झाडून हसे. पुस्तक उलटं धरलं तर ती स्वतःची मान वाकडी करी. फोटोतल्या अकलोलीच्या आजोबांच्या, म्हणजे कमळच्या वडिलांच्या, चष्म्याला ती नखं लावून ओढी. एकदा तर बापाचा चेहरा पाहून तिनं लगेच पान उलटलं... पलीकडून त्याची पाठ दिसते का ते बघायला! शेवंता हसता हसता रडली. एवढ्याशा जिवाला माणूस दोन्ही बाजूंनी असतो हे ठाऊक होतं, आणि कागदाला मात्र ते ठाऊक नव्हतं. मितूला मांडीवर घेऊन ती आपल्याच मनाची ओवी गुणगुणे,

*चिंधीच्या पानावरी, किती माणसं नांदती*
*मितूच्या गं बोटाला, नावं आपुली सांगती...*

“तेरा फोटो किधर है इसमें?” खालानं एकदा विचारलं.

“मी तर समोरच हाय, खाला. जे समोर न्हाईत त्यांच्यासाठी हे पुस्तक.”

चौदाव्या महिन्यात मितूच्या तोंडून पहिल्यांदा “आई” असं फुटलं. ते शेवंताच्या डोळ्यांत बघून! क्षणभर घर, गल्ली, मागांचा खडखडाट, सारं थांबलं... एकदा, फक्त एकदा ‘ओ’ द्यावी असं वाटलं. पण तिनं तोंड फिरवलं, मितूचं बोट धरलं आणि नेऊन कमळच्या फोटोवर ठेवलं. “ही आई. मी आत्या.” दिवसातून दहादा, वीसदा. पोरीनं ते ऐकलं. अगदी मनापासून ऐकलं! म्हणूनच तर आज ती फोटोला बिलगली होती.

*

चार दिवस कमळनं सारं करून पाहिलं. दवाखान्यातून आणलेला खुळखुळा वाजवून पाहिला, गूळ देऊन पाहिला. मितू गूळ घेई आणि आत्याच्या कडेवर जाऊन खाई. पाचव्या दिवशी मितू पुस्तकातल्या फोटोचा मुका घेताना दिसली आणि कमळचा बांध फुटला.

“वा वन्सं, वा! मला कागदात कोंडलंत आणि घरात तुम्ही आई होऊन बसलात! मी मेले असते तर याहून बरं झालं असतं. निदान फोटोला हार तरी घातला असता!”

“वहिनी, असं बोलू नका हो... मी तुमच्यासाठीच...”

“माझ्यासाठी? माझी पोर मला परकी केलीत, ती माझ्यासाठी?”

दारात तंबाखूची मिश्री लावत बसलेल्या ठकुबाईला हे सोसवलं नाही.

“कमळे, जीभ आवर! हिचं खारबावचं लगीन मोडलं ते कुणापायी? वरीसभर थांबा म्हणून हिनं सोता सांगावा धाडला. आन् तुला कळू देऊ नका म्हणून आमच्या पाया पडली ही पोरगी!”

“आई, नको ना गं...” शेवंता कळवळली.

कमळ मटकन खाली बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “झालं... आता मला रडायलासुद्धा तोंड उरलं न्हाय.”

शेवंताच्या मनाला ते शब्द पहिल्या शब्दांहून जास्त लागले. उपकाराखाली दबलेली आई लेकराला कशी बोलावणार? आपलं चुकलं कुठं? आपण पोरीला आई ओळखायला शिकवली की एक फोटो? तिनं डोळे मिटले आणि दारात बसलेली स्वतःची आई न बघता आठवून पाहिली. नवल वाटलं... चेहरा आधी आठवलाच नाही! आठवलं ते मिश्रीनं काळं झालेलं बोट, भेगाळलेली टाच, आणि पदर खोचताना पिचलेल्या बांगडीचा होणारा बारीक आवाज. अरे, लेकरू आईला तुकड्यातुकड्यांनी ओळखतं!

ती पुन्हा रामनाथकडं गेली आणि डोळ्याला लावायचा एक साधा कॅमेरा मागून आणला. रोल बारा फोटोंचा.

“माझं हे हाडकलेलं अंग कशाला पुस्तकात?” कमळनं पाठ फिरवली.

“तेच पाहिजे, वहिनी. नटलेली नवरी पुस्तकात आधीच हाय.”

आठवडाभर, दुपारच्या चांगल्या उजेडात, तिनं एकेक फोटो जपून काढला. भाकरी थापणारे कमळचे हात. कापलेल्या केसांखालची उघडी मान. धुण्याच्या दगडावरचं करंगळी वाकडी असलेलं पाऊल. मग मायलेकींचे फोटो. मितू कमळजवळ बसायला तयार होईना, तेव्हा शेवंता कॅमेऱ्यामागून “भोऽऽक!” करी, मितू खुदकन हसे, आणि त्या हसण्याच्या नादात कमळच्या मांडीवर क्षणभर टेकलेली राही. तेवढ्यात कळ दाबली जाई. बारातले दोन बिघडले. दहा आले.

नवरीचा फोटो तिनं काढून टाकला नाही. त्याच्यापुढं नवी पानं जोडली. आधी हात, मग मान, मग पाऊल, मग मांडीवरची मितू, आणि शेवटी आजच्या कमळचा आजचा चेहरा. जणू एकेक पायरी उतरत मितूनं नवरीपासून आईपर्यंत यावं...

शेवटची शिवण घातल्यावर तिला कळून चुकलं, की अजून एक काम उरलं आहे. मागं वळून धावायला आत्या असेल तोवर पोर पुढं कशी जाईल? अंबाडी गावच्या बालवाडीत बाई हवी होती. दुपारी जेवून मितू झोपली तेव्हा शेवंतानं तिच्या उशाशी पुस्तक ठेवलं, दत्तूला म्हणाली, “दादा, अंबाडीवरून जाणाऱ्या वाड्याच्या एसटीत बसवून दे मला,” आणि पाठीमागं न बघता निघाली. बघितलं असतं, तर ती गेलीच नसती!

*

मितू दोन दिवस दाराशी बसून होती. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं.

कमळ भाकऱ्या थापत होती. मितू पुस्तक ओढत तिच्यापाशी आली. पानावरच्या हातांकडं पाहिलं, परातीतल्या हातांकडं पाहिलं. मग कमळचं पिठानं भरलेलं मनगट धरून तिनं तो हात फोटोतल्या हातावर ठेवला, अगदी माप घ्यावं तसा. थोडा सरकवला. पुन्हा पाहिलं. आणि मान वर करून विचारलं,

“आई?”

“होय गं माझे बाय... होय! होय!”

कमळनं हंबरडाच फोडला. तवा धुरकटला, पीठ सांडलं, आणि मितू आईच्या ओल्या गालावरचं पीठ बोटानं पुसत, मोठ्या नवलानं ते चाखून बघत राहिली.

त्यानंतर ते पुस्तक रोज त्या दोघींचं झालं. महिना लोटला असेल. मितू मांडीत बसून पानं उलटत होती आणि कमळच्या मनात सहज आलं... मांडीवरच्या या सगळ्या फोटोंत मी मितूकडं बघतेय. आणि मितू? एकाही फोटोत ती माझ्याकडं बघत नाही. पानाबाहेर बघतेय! डोळे चमकताहेत, हात पुढं केलेत, सगळा जीव तोंडावर गोळा होऊन आलाय.

“एवढी कुणाकडं बघून हसतेस गं?” कमळनं फोटोवर बोट ठेवलं.

मितूला त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. “आत्या,” ती म्हणाली.

कमळचं बोट तिथंच थिजलं. म्हणजे या पुस्तकाच्या एकाही पानावर जी नाही, ती पानोपानी होती...! माझी पोर माझ्या मांडीवर बसवून, स्वतःला त्या काळ्या डब्याआड लपवून, ती मला माझी लेक देत होती. आणि मी तिला चोर ठरवलं!

दुसऱ्याच दिवशी ती रामनाथच्या दुकानात उभी राहिली. “दादा, वन्संनी नेला होता तो कॅमेरा द्या. आन् कुठलं बटन दाबायचं तेवढं दाखवा.”

*

अंबाडीच्या नाक्यावर कमळ मितूला कडेवर घेऊन उतरली. बालवाडी सुटत होती. ओसरीवर शेवंता पाट्या गोळा करत होती. मितूनं अशी काही उडी घेतली की शेवंताच्या हातातल्या पाट्या खळाखळा खाली पडल्या.

“माझी साय... माझी बाय...” शेवंता तिचे मुके घेत सुटली. मग भानावर आली, कमळकडं पाहिलं आणि घाईनं मितूला खाली ठेवू लागली.

“ठेवू नकोस!” कमळ ओरडलीच. पुढं होऊन तिनं शेवंताचे पाय धरले. “शेवंता, मला माफ कर गं! मी बोलू नये ते बोलले.”

“वहिनी, उठा... लोक बघतायत.”

“बघू देत. चल घरी. तुझ्या लग्नाचं मी बघते. खारबावचा एक गेला म्हणून जगात नवरे संपले न्हाईत.”

शेवंता डोळे पुसत हसली. “नवऱ्याचं मग बघू. पण मी इथंच राहते, वहिनी. या पोरांचा लळा लागलाय. दर रविवारी येईन, मितूनं हाकलून देईस्तोवर येईन!”

कमळनं पिशवीतून कॅमेरा काढला. “मग आत्ता बस त्या पायरीवर. हिला मांडीवर घे. पुस्तकात एक पान शिवायचं राहिलंय.”

“तुम्ही काढणार? माझं डोकं उडवाल!”

“उडालं तर उडालं. पुढच्या रविवारी दुसरा काढीन.”

शेवंता पायरीवर बसली, पदर सारखा केला. मितू तिच्या मांडीत रेलली. कमळनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्या इवल्याशा चौकोनात पाहिलं... आत्याच्या उबदार मांडीवर बसून मितू आत्याकडं बघत नव्हती. ती समोर बघत होती, त्या काळ्या डब्याच्या आड कोण लपलंय ते शोधत. आणि मग तिला ते सापडलं! डोळे लकाकले, दोन्ही हात पुढं आले.

“आई!” मितू ओरडली.

चौकोन धूसर झाला.

“वहिनी, दाबा ना!” शेवंता म्हणत होती. “अहो, दाबा की बटन!”

कमळला बटन सापडेना.