चौथा कोपरा

तडा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखा खाली उतरला होता. सकाळी त्यात केतकीचं नख जात होतं. दुपारी तीनला तिची पेन्सिल गेली.

"सारखं मोजू नकोस गं," आई म्हणाली. "मोजून काय तो मिटणारे?"

सन २०५१. परभणीकडच्या त्या गावात घरांचे पाये तपासायला एक यंत्रमानव आला होता. मांजराएवढा, पुढे दोन फावडी, नाकावर दिवा. सरकारी कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं. केतकीने त्याला 'घूस' म्हणायला सुरुवात केली आणि त्यानेही ते मान्य करून टाकलं.

"ताई, पाचपर्यंत कारण सापडलं नाही, तर घर रिकामं करून कुलूप लावावं लागेल," घूस आईला म्हणाली. "सापडलं, तर दुरुस्ती करता येईल."

"पाया पक्का आहे," खाटेवरून अण्णा गुरगुरले. केतकीचे हे आजोबा गावातले नावाजलेले गवंडी. हे घरही त्यांच्याच हातचं. "बावीस वर्षं हललं नाही."

कोडं तेच तर होतं. बावीस वर्षं न हललेलं घर याच उन्हाळ्यात का हललं? आणि चारांतला मागचा एकच कोपरा का खचला?

त्या कोपऱ्याशी जमीन फाटली होती. भेगेत केतकीचा हात मनगटापर्यंत जाई. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली.

"थांब!" घूस आडवी आली. "एकदम पाणी ओतलंस तर माती मऊ होईल आणि कोपरा आणखी बसेल. ही काळी माती आहे. तिचे कण पापडांच्या चळतीसारखे असतात. पाणी मिळालं की ते थराथरांत शिरतं आणि चळत फुगते. वाळली की चळत बसते. या फुगण्या-आकसण्याबरोबर वरचं घरही हलतं."

"मग इतकी वर्षं का नाही हललं?"

"इथे आधी काय होतं?"

"अळू," आई म्हणाली. "मोरीचं पाणी इथंच सोडायचो. चैत्रात ते पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं. आता सगळं पाणी टाकीत जातं. अळू वाळलं." ती थबकली. "म्हणजे त्या पाण्यामुळे..."

"माती कायम सारखी ओली राहिली," घूस म्हणाली. "आता आकसली. पण मुरमावर (काळ्या मातीखालचा घट्ट थर, जो असा फुगत नाही) टेकलेल्या पायाला त्याचं काही वाटायला नको."

घूस जमिनीत शिरली. पहिला कोपरा, सात फुटांवर मुरूम, पाया टेकलेला. दुसरा तसाच. तिसराही. मग ती चौथ्याखाली गेली आणि भिंतीतून 'कट्' आवाज आला. गिलाव्याचा पोपडा केतकीच्या पायाशी पडला.

"मागे व्हा सगळे!" आईने तिला खेचलं.

बिळातून घुशीचा आवाज आला. "इथे माती ढासळतेय, नीट दिसत नाही. पाया चार फुटांवर संपल्यासारखा वाटतो. अण्णा, तुम्हीच बांधलाय. अंदाजावर मी शिक्का मारू शकत नाही. खरं काय ते सांगा."

पाचला वीस मिनिटं होती.

"अण्णा," केतकी म्हणाली, "आपल्याला घर सोडावं लागेल हो."

"पायाभरणीचा मुहूर्त अकरा दहाचा होता," अण्णा हळूच बोलले. "गुरुजी घड्याळ बघत उभे. तीन कोपरे मुरमाला लागलेले, चौथ्यात अजून तीन फूट खणायचं होतं. मुहूर्त टळू नये म्हणून तिथेच दगड बसवला. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय!"

"आणि आम्हाला बावीस वर्षं पक्का पाया, पक्का पाया!" आई म्हणाली. पण बोलता बोलता तिने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

घूस चिखल झटकत वर आली. "कारण सापडलं. घर सोडायचं नाही, फक्त ही खोली महिनाभर बंद. आधी भिंतीला टेकू. मग कोपऱ्याखाली हातभर रुंदीचा एक खड्डा, मुरमापर्यंत. त्यात काँक्रीट भरायचं. ते घट्ट झालं की शेजारचा खड्डा."

"सगळे एकदम का नाही?" केतकीने विचारलं.

"सांग बरं."

केतकीने भिंतीकडे पाहिलं. "भिंत अधांतरी राहील!"

"बरोबर. शेवटी घराभोवती बाहेर उतरती फरशी, म्हणजे पायाशी पाणी मुरणार नाही आणि ऊनही माती सुकवणार नाही. दरवर्षी फरशीच्या फटी बुजवायच्या." घुशीने नाकावरचा दिवा बारीक केला. "या गावात ते यंत्र साठ घरांनी बसवलंय. सगळे पाये तपासेपर्यंत पावसाळा संपेल."

अण्णा खाटेवरून उठले. त्यांनी चपला शोधल्या, त्या उलट्या घातल्या, पुन्हा सुलट्या केल्या.

"साठ नकोत," ते म्हणाले. "सगळी माझ्याच हातची. असा अर्धवट कोपरा ठेवलेली आणखी दोनच आहेत. चल, दाखवतो."

केतकीने त्यांचा हात धरला. पाऊस यायला अजून वीस दिवस होते.