शहाण्णव पानांचा नायक

“मारलंत त्याला?”

भर जिन्यात, वरून धडाधड उतरत आलेल्या एका अनोळखी माणसानं हे विचारलं आणि ती होती त्याच पायरीवर थबकली. मागून चढणाऱ्या एका मावशींनी पिशवी छातीशी धरून भिंत गाठली.

“क... कुणाला?”

“नायकाला! ब्याण्णवाव्या पानावर. चांगला हसताबोलता खलाशी, साधा ताप काय येतो, अन् दोन ओळींत खेळ खलास?”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वरच्या मजल्यावरच्या प्रकाशनात तिची लघुकादंबरी छापली जाणार होती, आणि हे ध्यान तिथला जुळारी होतं. हस्तलिखितं संगणकावर उतरवायची, पानं लावायची, हे त्याचं काम. लेखकांना जिन्यात गाठून धारेवर धरायचं काम त्याला कुणी दिलं होतं, देव जाणे. तिला ओळखणं अवघड नव्हतं... प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून पुस्तक छापायला दुसरी कोण येणार? दिवसभर ती लोकांचं रक्त तपासायची आणि जेवणाच्या सुट्टीत, तीन वर्षं, लपूनछपून लिहायची. आईलासुद्धा पत्ता नव्हता.

“पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात,” वर गेल्यावर तो खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाला. “सहा फर्मे म्हणजे शहाण्णव पानं. तुमची भरली ब्याण्णव. चार कोरी.”

“राहू द्या की कोरी!”

“काका राहू देतील? जाहिराती टाकतील. इकडे नायकानं डोळे मिटले, की समोरच्या पानावर ‘पोट साफ ठेवण्याचे शंभर उपाय’.”

“खपतं हो ते पुस्तक!” आतल्या केबिनमधून काका, म्हणजे प्रकाशक, ओरडले. म्हणजे ही थट्टा नव्हती. तिचे डोळेच पांढरे झाले.

“त्यापेक्षा त्याला जगवा,” जुळारी हळूच म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी दुपारी फाइल छापखान्यात जाईल. तोवर आहे वेळ.”

मग ती रोज कामावरून सुटली की तडक तिथे येऊ लागली. लिहून आणलेलं पान तो वाचायचा, कानावरची पेन्सिल काढायचा आणि... नुसता तिच्याकडे बघायचा. तिची कानशिलं तापायची.

“हे काय? पुन्हा पाऊस?”

“वातावरणनिर्मिती आहे ती!”

“लेखिकाबाई, मोठ्या कादंबरीत अख्खं गाव राहायला येऊ शकतं. लघुकादंबरीला एकच खोली, त्यात दोन माणसं. एक जायला निघालेलं. दुसऱ्यानं काय ते तेवढ्यात बोलून टाकायचं. तिथे पाऊस कशाला मध्ये घेता?”

“स्वतः एकदा लिहून बघा, मग शिकवा.”

“मी कसला लिहितोय! माझं आपलं... नुसतं वाचणं.”

“आणि बघणं.”

ती हे बोलून गेली आणि तिची तीच हादरली. घरी पोचेपर्यंत जीभ चावत होती, आणि हसतही होती. हे काय होऊन बसलं होतं?

बुधवारी त्यानं सरळच विचारलं, “खरं सांगा... का मारलंत त्याला?”

“जगला असता तर तिला त्याला काहीतरी सांगावं लागलं असतं,” ती टेबलाच्या कडेशी चाळा करत म्हणाली. “आणि ते कसं सांगतात, मला माहीत नाही. मी कुणाला... कधी सांगितलेलंच नाही.”

त्यानं तेच पान पुन्हा वाचायला घेतलं. पेन्सिल मात्र त्याच्या हातून दोनदा खाली पडली.

गुरुवारी काकांनी बॉम्बच टाकला. “तुझं पुस्तक आटपलं की आमचा जुळारी चालला बघ. परगावी, मोठ्या छापखान्यात. शनिवारची गाडी. तुला बोलला नाही?”

तिच्या पायाखालची जमीन सरकली. इतके दिवस शेजारी बसून एका शब्दानं नाही? जिना कसा उतरली, तिला कळलं नाही. आपण अशाच गप्प राहिलो तर हा माणूसही दोन ओळींत संपणार, एवढं मात्र लख्ख दिसलं.

शुक्रवारी साडेअकराला तिनं कागद त्याच्यापुढे आपटले. “मरण खोडलंय. टाइप करा.”

तो टाइप करू लागला. ती मागे उभी राहिली. चौऱ्याण्णवाव्या पानावर त्याची बोटं अडखळली.

“नायिका शिक्षिका होती ना? ही अचानक रक्त कशी तपासायला लागली?”

“टाइप करा.”

“आणि खलाशाच्या कानावर पेन्सिल कुठून...”

“करा म्हटलं ना!”

त्याची बोटं पुन्हा चालू लागली. पडद्यावर ओळी उमटत गेल्या... ‘तुझ्याशी भांडता यावं म्हणून मी सगळं काम भराभर उरकून येते. जाऊ नकोस. मला तू हवा आहेस. हे एकदा सांगायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. आणखी कुणाला सांगणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.’

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“शहाण्णवावं पान भरलं,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “नायकाच्या उत्तराला जागाच नाही.”

“तोंडी चालेल.”

“मग आधी एक कबुली... चिडू नका. पानं कमी नव्हतीच. शहाण्णवच भरली होती, नेमकी. मीच अक्षर अर्धा पॉइंट लहान करून ब्याण्णववर आणली.”

तिनं त्याची खुर्ची गर्रकन आपल्याकडे फिरवली. “का?”

“हस्तलिखित उतरवता उतरवता वाटलं, ही बाई छपाईच्या मंजुरीची एक सही करून निघून गेली तर? तेव्हा तुम्हाला पाहिलंसुद्धा नव्हतं. मग जिन्यात पाहिलं... आणि त्याच दिवशी तिकडच्या मालकाकडून आठ दिवस मागून घेतले. म्हटलं, काम अपुरं आहे.”

“आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही! माझं पुस्तक... माझा नायक... तुम्ही म्हणजे...” तिला संताप आला, अगदी मनापासून आला, पण त्याच्या मागोमाग असा काही आनंद उसळला की पुढचं वाक्यच हरवलं.

त्यानं फोन उचलला. “मालक? हो, मीच... उद्या येत नाही मी. नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “इथलं काम? ते काही या जन्मी संपेलसं वाटत नाही.”

ती मटकन शेजारच्या खुर्चीत बसली.

“मूर्खा,” ती म्हणाली, आणि आपण होऊन तिनं त्याचा हात धरला.