भाऊ उजव्या काठावर

साल होतं २०२०. दोन महिन्यांसाठी मेलबर्नजवळ टार्निटला मुलाकडे आलेल्या सुनेत्राबाई विमानं बंद झाल्यामुळे नोव्हेंबर आला तरी तिथेच अडकल्या होत्या. अखेर परतीचं तिकीट मिळालं, भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशीचं. आणि ज्या भावासाठी त्या एवढ्या लांब आल्या, तो अजून भेटलाच नव्हता!

मुरलीधरदादा चाळीस वर्षांपूर्वी भिक्खू होऊन घराबाहेर पडला. तेव्हापासून, भाऊ नसलेल्या बायका करतात तसं, सुनेत्राबाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळत आल्या. आता दादा इथल्याच मरे नदीच्या उजव्या काठावरच्या विहारात होता. पण तो काठ शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याचा, आणि करोनामुळे राज्याची सीमा बंद!

"नदीच्या मध्यापर्यंत आपली हद्द," मुलगा हृषिकेश म्हणाला. "तू होडीतूनच ओवाळ. मामाला पायऱ्यांवर थांबायचा निरोप देतो."

भाऊबीजेच्या सकाळी डाव्या काठावरच्या एचुका गावाच्या उंच लाकडी धक्क्याखालून तिघं निघाली. पुढे सून मैथिली, मागे हृषिकेश, मधे मांडीवर ताम्हण घेतलेल्या सुनेत्राबाई. एकेकाळी इथे लोकरीच्या गासड्यांनी लादलेल्या आगबोटी लागत. लहानपणी सोपाऱ्याच्या स्तूपापाशी दादा सांगायचा, "सुने, जिथे व्यापाऱ्यांची गलबतं, तिथे विहार असायचाच." त्यांना ते आठवून हसू आलं.

ते फार टिकलं नाही. समोरून वारा सुटला. पाण्यात बुडालेल्या गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडांनी होडीचा तळ खरवडला. आणि वळणावर पोलिसांची बोट!

"सॉरी मेट, सगळी नदीच न्यू साउथ वेल्सची. सीमा तुमच्या काठावरच आहे."

"म्हणजे सकाळपासून आपण सीमेपलीकडेच?" मैथिली फणकारली. "गूगल केलं होतंस ना?"

"नदी म्हटल्यावर मध्यच असणार ना!"

प्रवाहाविरुद्ध परतणं शक्य नव्हतं. पोलिसाने बजावलं, होड्या काढायच्या पुढच्या उतारावर डाव्या काठाला बाहेर पडा. उजव्या काठाला पाय लागला, तर केस! हृषिकेशचा पीआरचा, कायम वास्तव्याचा अर्ज अजून अडकलेला होता.

विहार दिसला. पायऱ्यांवर काषाय चीवरातला एक वाकलेला म्हातारा. दादा!

हृषिकेशचं वल्हं थांबलं. "आई, नेऊ काठाला? होईल ते होईल."

सुनेत्राबाईंनी काडेपेटी काढली. "नको. सरळ चल."

काडी विझली. दुसरी विझली. तिसरीने निरांजन पेटलं! त्यांनी ताम्हण उचललं.

"सुने! ओंडका!" पायऱ्यांवरून दादा ओरडला.

धाड! होडी एका बाजूला कलली. ताम्हण पाण्यात! "उजवीकडे झुका!" मैथिली ओरडली, वल्ह्याने ओंडका रेटला, होडी सावरली. मागे वळून पाहिलं, तर पायऱ्या झाडांआड गेल्या होत्या.

"चाळीस वर्षांनी तोंड उघडलं," डाव्या काठावर उतरून पदर पिळताना सुनेत्राबाई कडाडल्या, "आणि बोलला काय, तर ओंडका!"

त्या भारतात परतल्या आणि चारच दिवसांत सीमा उघडली! हृषिकेशला पीआर मिळाला. मैथिलीने स्वतःची होडी घेतली. हृषिकेश तिच्यात बसत नाही. दादा पुढच्या हिवाळ्यात विहारातच वारला.

सुनेत्राबाई आजही चंद्राला ओवाळतात. वाऱ्याने ज्योत हलली, की दचकून ताम्हण दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि आधी खाली, पायाशी बघतात.