पूरनगारा

श्रावणातल्या त्या सकाळी कासारगडाच्या माचीवर कोवळे ऊन उतरले, तेव्हा खाली नदीकाठच्या भोईवाडीत चुली पेटल्या होत्या आणि त्या बाजूचे आभाळही निरभ्र होते. पण गडाच्या पाठीशी, डोंगरात अडवलेल्या देवतळ्यावर आठवडाभर पाऊस कोसळत होता आणि तळ्याचा मातीचा बांध मध्यभागी खचू लागला होता. हा बांध गडावरून दिसे, वाडीतून दिसत नसे. म्हणूनच जुन्या लोकांनी महादरवाजावर पूरनगारा बसवला होता. तो वाजला की भोयांनी हातातले काम टाकून, लेकरेबाळे घेऊन गड चढायचा, असा शिरस्ता होता.

किल्लेदार रायाजीराव दरेकरांनी हुकूम केला आणि नगारा घुमला. वाडीत धावपळ उडाली खरी, पण माणसे गडाकडे येईनात. ती करवंदीच्या जाळ्यांत आणि उपड्या होड्यांच्या आड दडू लागली.

का नाही दडणार? वैशाखात शत्रूची फौज येणार अशी वार्ता आली. तट पडका आणि तो बांधायला वेठीला माणूस मिळेना. तेव्हा कारभारी तिमाजीपंत किल्लेदारांच्या कानाशी लागले होते, "सरकार, स्वार कशाला दमवायचे? वळवाची सर आली की पूरनगारा वाजवावा. भोई आपल्या पायांनी वर येतील. दरवाजा लावून घेतला की काम फत्ते!" आणि रायाजीरावांनी, एरवी शहाण्यासवरत्या माणसाने, मान डोलावली. अशा हुशारीला आग लागो! एकदा नव्हे, दोनदा तो नगारा खोटा वाजला, आणि दुसऱ्या खेपेस बुरुजाचा चिरा निसटून म्हाताऱ्या कोंडाईचा एकुलता एक मुलगा गणू चिरडून मेला.

"शिबंदी पाठवा! ओढून आणा त्यांना!" रायाजीराव ओरडले.

"शिबंदी दिसताच रानोमाळ पांगतील, सरकार," तिमाजीपंत पुटपुटले. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

तेवढ्यात किल्लेदारांच्या पत्नी मैनाबाईसाहेब पुढे आल्या. "आम्ही जातो."

"आपण? बांध कोणत्या घटकेला फुटेल याचा नेम नाही!"

"म्हणूनच जायचे. आपल्या नगाऱ्यावर त्यांचा विश्वास उरला नाही. आपले माणूस त्या पाण्याच्या वाटेत बसलेले दिसले, तर कदाचित तो बसेल. अडवू नये."

रायाजीरावांनी त्यांचा हात धरला. मग, काय मनात आले कोण जाणे, सोडून दिला.

पडदा नाही, पालखी नाही, अशा मैनाबाईसाहेब गड उतरून थेट कोंडाईच्या दारात जाऊन बसल्या. भोयांचा म्होरक्या धाकू नाईक होडीआडून बाहेर आला.

"बाईसाब, हितं कशाला आलासा?"

"देवतळे फुटते आहे, नाईक. वाडीतला शेवटचा माणूस उठेपर्यंत मी इथून उठणार नाही."

कोंडाई उंबऱ्यातून कडाडली, "लबाड हाय समदं! माझा गणू बी ह्योच नगारा ऐकून पळत गेला हुता. परत आला का?"

"नाही आला," मैनाबाईसाहेब म्हणाल्या. "ते पाप आमच्या घरचे. त्या दिवशी मी गडावर होते, मला ठाऊक होते, आणि मी गप्प राहिले. आज नगारा खरा आहे. खोटा असता तर मी इथे कशाला बसले असते, आई?"

 धाकू नाईकाने वळून हाळी दिली, "चला रं! बाई बसलीया, ती उठंना! चला!"

जाळ्यांतून माणसे निघाली. कुणी कोंबड्या उचलल्या, कुणी बाळंतिणीला झोळीत घातले. हातची घटका निघून गेली होती, तरी सगळी वाडी पायऱ्यांना लागली. राहिली एकटी कोंडाई. तिचे गुडघे धरले होते आणि मन त्याहून. मैनाबाईसाहेबांनी विनवले, हात जोडले. अखेर म्हातारी रडली, म्हणाली, "चल बाई, तू तरी मरू नगंस," आणि त्यांच्या पाठीवर बसली.

वर बांध फुटला. त्या आवाजाने दरवाजाची कवाडे थरथरली. तांबडे पाणी घळीतून खाली आले आणि पायऱ्या दहा-वीस हातांवर असताना त्याने दोघींना गाठले. धाकू नाईकाने उडी घेतली. त्याच्या हाती फक्त पदर लागला. तटावरून रायाजीराव हे सगळे पाहत होते.

तिमाजीपंतांना त्याच दिवशी कमरेची शिक्काकट्यार काढून घेऊन गडाखाली घालवले. त्याने काय होणार होते? गेलेली माणसे गेलीच.

तेराव्याला रायाजीरावांनी भोयांना सदरेवर बोलावले. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. "नाईक, वाडीला वेठ कायमची माफ केली. चढावर नवी घरे बांधून देऊ. बाईसाहेबांचे आणि कोंडाईचे वृंदावन उभारू. तुम्ही फक्त एवढे वचन द्या, की यापुढे नगारा वाजला की वर याल."

धाकू नाईकाने मुजरा केला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच रायाजीरावांना सोसवेना.

"सरकार, ह्या खेपेला खरं वाटावं म्हणून बाईसाब आल्या. फुडच्या खेपेला कुणाला धाडनार?"