सहा तबकड्यांचं विमान

धाराशिवच्या धावपट्टीवर अक्षदा सकाळी सातला आली, तेव्हा तिचं विमान हँगरमध्येच उभं होतं. आत डोकावली तर स्क्रीनच्या जागी नुसतं भोक... स्क्रीन दुरुस्तीला गेली होती, पंधरा दिवस तरी येणार नव्हती. आणि परीक्षा दहा दिवसांवर आलेली. बाहेरचं काहीही न बघता, समोरच्या उपकरणांवर भरवसा ठेवून विमान चालवायची परीक्षा. ही तारीख हुकली, तर परीक्षक पुन्हा तीन महिन्यांनी येणार होते.

"मग या म्हाताऱ्यावर द्या की परीक्षा," मागून कुणीतरी म्हणालं.

शेजारच्या जुन्या विमानात बसून एक सावळा, उंच मुलगा काचा पुसत होता. शांतलिंग. कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरूम गावचा, तिच्या आधीच्या बॅचचा. याच विमानावर परीक्षा पास होऊन आता नोकरीच्या पत्राची वाट बघत होता. आजवर दोघांची नुसती तोंडओळख.

अक्षदानं जरा तोऱ्यातच सांगितलं, की ती सगळं स्क्रीनवर शिकलीय. तिथं उंची, वेग, दिशा एकाच चित्रात दिसतात. इथं सहा वेगळ्या तबकड्या, सहांचे काटे वेगळे. बघायचं तरी कुठं?

"सगळीकडं," तो हसला. "पण कुठंच जास्त वेळ न्हाय."

तिला रागच आला. पण दुसऱ्या दिवशी ती त्याच जुन्या विमानात बसली, आणि तेच खरं ठरलं. बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर झापड चढवली, शेजारी शिकवणारे गौरीशंकर सर बसले, आणि ती मधल्या, क्षितिज दाखवणाऱ्या तबकडीकडंच टक लावून बसली. तेवढ्यात विमान तीनशे फूट खाली उतरलं. अजून एकदा असं झालं तर परीक्षेला बसवणार नाही, असं सर शांतपणे म्हणाले.

ती हँगरमागच्या पायरीवर जाऊन बसली. गावी सास्तूरला दादांना, आपल्या वडिलांना, काय सांगायचं? एसटी चालवताना ते कंडक्टरला रोज तिचंच कौतुक सांगायचे.

भुरभुर पाऊस सुरू झाला. शांतलिंग दोन चहा घेऊन आला, काखेत एक पुठ्ठा. त्यावर त्यानं सहा तबकड्या काढल्या होत्या. टाचणीनं काटे लावले होते. तो काटे फिरवायचा आणि विमान काय करतंय ते तिनं सांगायचं. डावीकडं वळतंय... नाक वर चाललंय... नजर फिरती राहावी म्हणून तो कानडीत एक, दोन, तीन मोजायचा — ओंदु, एरडु, मूरु; दर आकड्याला पुढची तबकडी. दोन दिवसांत तीही मोजू लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग त्यानं खेळ अवघड केला. "सहातली एक खोटं बोलतीय. कुठली?"

"ही. बाकीच्या पाच वेगळंच सांगतायत." तिनं बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "माणूस खोटं बोलत असला तर कसं ओळखायचं?"

"तसंच. शब्द सोडून बाकीचं बघायचं."

तिनं बघितलं. तो काटा नुसताच फिरवत होता, आणि बघत होता तिच्याकडं. तिनं घाईनं नजर पुठ्ठ्यावर वळवली.

परीक्षेच्या दिवशी ढग खाली उतरले होते. तेर गावाच्या बाजूला वळताना परीक्षकांनी मधल्या तबकडीवर काळं झाकण बसवलं. आता उरलेल्या पाचांवरच चालवायचं होतं. अक्षदाची नजर त्या झाकणावरच अडकली. मग तिनं ओठांतल्या ओठांत मोजायला सुरुवात केली. काटे एकेक करून जागेवर आले. वळण पुरं झालं, उंची हलली नाही. चाकं टेकल्यावर परीक्षक म्हणाले, "छान. स्क्रीनवाल्या वाटत नाही तुम्ही."

शांतलिंग धावपट्टीच्या कडेला भिजत उभा होता. तिनं 'पास झाले' म्हटल्यावर त्यानं मान डोलावली, आणि मग सांगितलं, की त्याला हैदराबादच्या नोकरीचं पत्र आलंय. चार दिवस झाले. सोमवारी निघायचं.

"चार दिवस?" तिचा आवाज चिरकला. "आणि मला आज सांगतोस?"

"तुझी परीक्षा होती."

"झाली आता. अजून काय काय दडवलंस, तेही सांगून टाक."

त्यानं केसांतलं पाणी निपटलं. खाली बघितलं, वर बघितलं. "तू... लई आवडतीस मला. पहिल्या दिवशी तोऱ्यात बोललीस ना, तवापासनं."

अक्षदाला हसू आवरेना. डोळेही भरून आले होते.

"रविवारी सास्तूरला ये," ती म्हणाली. "दादांना सुट्टी असती."

"येतो. पण... काय म्हणून येऊ? त्यांनी विचारलं तर?"

पाऊस वाढला होता. हँगरच्या दारातून गौरीशंकर सर दोघांना आत बोलावत होते. ती दोन पावलं गेली, थांबली, आणि मागं न वळताच म्हणाली,

"माझा म्हणून ये."