बंबवाल्याचं सरण

चार मण बाभूळ पुरेल, असं भावकूनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. चैत्राचं ऊन, वर्षभर वाळलेलं लाकूड, आणि रवळूआप्पा तर शेवटी शेवटी काटकीच झालेला. भरमानं तरी पाच मण घेतलं. बापाच्या सरणाला हात आखडायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

निपाणीच्या आग विझवायच्या हातबंबावर रवळूनं बावीस वर्षं काढली. बैलांनी ओढायचा बंब, दोन्ही बाजूंना दांडा मारायला चार-चार माणसं, आणि पुढं नळी धरून रवळू. भावकू त्याच दांड्यावरचा. नोकरी सोडल्यावर रवळू नुसता घराचा झाला. बायकोचे, जयाबाईचे सांधे धरले तेव्हापासून पहाटे जात्यावर हाच बसायचा. गल्ली हसते म्हटल्यावर दार उघडं टाकून दळायला लागला. नातीच्या अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपरावर ओतून बघायचा. असला बाप भरमानं दुसरा पाहिला नव्हता.

अकोळ रस्त्याच्या अलीकडं, ओढ्याकाठी, भर दुपारी त्यानं अग्नी दिला. शेणी जरा धुमसल्या आणि विझल्या.

"बंबवाला हाय रं! सुखासुखी पेटू देतोय व्हय?" कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. भरमासुद्धा हसला.

दुसऱ्यांदा रॉकेल ओतून पेटवलं. जाळ भप्पकन उठला आणि वरून कुणी ओलं पोतं दाबावं तसा बसला. धूरही राहिला नाही. भरमानं लाकडाला हात लावला. सावलीतल्या रांजणासारखं गार. या वेळी कुणी हसलं नाही.

भरमा लाकडाच्या अड्ड्यावर राबलेला. ओलं लाकूड त्याला नुसत्या वासावर कळायचं. त्यानं एक ओंडका ओढून दहा पावलांवर नेला. तिथं तो तडतडून पेटला. पेटता ओंडका सरणावर ठेवला. विझला. मग त्यांनी सगळं सरण उलगडलं. आत रवळूशिवाय काही नव्हतं. पुन्हा रचलं. पुन्हा तेच.

ऊन कलायला लागलं तशी माणसं पायताणं शोधायला लागली. जाता जाता एक जण बोललाच, "अग्नीनं घेतला न्हाय म्हंजे काय तरी पाप असणार."

दिवस बुडायच्या आत बाप जळला नाही तर हे बोलणं त्याच्या नावाला कायमचं चिकटणार होतं. आणि पाप कुणाचं, हे त्यातल्या एकूण एकाला ठाऊक होतं.

बारा वर्षांमागं तंबाखूच्या एका वखारीला आग लागली. बायका तंबाखू चोरतात म्हणून मालक बाहेरून कुलूप घालायचा, किल्ली त्याच्याच कमरेला. रवळूची रीत अशी की पाणी सोडायच्या आधी घरधन्याला मोठ्यानं विचारायचं, "आत कोण?" कोण न्हाय, असा जबाब आला तरच आतला शोध सोडायचा. मालकानं तोंड वर करून सांगितलं, "आत कोण न्हाय. शेजारची वखार वाचवा, माल हाय तिच्यात." रवळूनं नळी तिकडं फिरवली. बाकीच्या बायका सुटल्यावर न बघताच कोंडलेली, तापानं पोत्यांमागं निजलेली मनुबाई दुसऱ्या दिवशी कोळशात सापडली. पंचनाम्यात आलं, बाईचा निष्काळजीपणा. मालकानं वखार पुन्हा बांधली, पहिलीपेक्षा उंच, आणि गावानं तिच्या वास्तुशांतीची बुंदी खाल्ली. नोकरी सोडली ती रवळूनं.

बायकांनी मसणवटीत यायचं नसतं. जयाबाई आली.

"वैनी, तुमी कशाला..." भावकू पुढं झाला.

"तुमच्यानं झालं असतं तर आलते कशाला?"

तिनं लाकडावर तळवा ठेवला, मग कान. बराच वेळ ती तशीच वाकून होती.

"त्यो इचारतोय भरमा. जबाब दे."

"कोण इचारतंय?"

"तुझा बाप. कान लाव."

भरमानं कान लावला.

आत बांगड्या वाजल्या. मग कुणीतरी खोकलं. बाईमाणूस. घसा धुरानं भरलेला.

तो मागं सरला. "आई, आत..."

"म्हाईत हाय मला. बारा वर्सं आमी दोघं रोज ऐकतोय. त्यो पार थकला रं. सोडव त्येला."

"लाकडं उतरवतो."

"उतरवली म्हणं न्हवं मघा? काय घावलं?"

सूर्य टेकाला टेकला होता. माणसं चारच उरली होती. भरमा सरणावर वाकला.

"आत कोण न्हाय, आप्पा."

"मोठ्यानं," आई म्हणाली.

"आत कोण न्हाय!"

त्याच्या हातातली चूड केव्हाच विझली होती. सरण आतून पेटलं.

बांगड्या वाजल्या. भराभर वाजल्या.

मग थांबल्या.

भावकू ओढ्याकडं तोंड करून उभा होता.

तिसऱ्या दिवशी ते रक्षा सावडायला गेले. भरमा वाकून मडक्यात अस्थी भरत होता. त्याच्या खांद्यामागं, अगदी जवळ, कुणीतरी खोकलं. तो वळला. आईच होती.

"आई, तू खोकलीस?"

"न्हाय बा."

"मग ऐकलंस न्हवं?"

जयाबाईनं मान तिरकी करून कान दिला. कावळे ओरडत होते. लांबच्या रस्त्यावर एक बैलगाडी चालली होती.

"मला आता काय ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. तिचे डोळे स्वच्छ होते, दोन रात्री गाढ झोपलेल्या माणसाचे.