तीन दगडांवरचं पाणी

खोटं वाटत असेल त्याने चंदगडच्या वरच्या अंगाला येऊन अंबूबाईलाच विचारावं. मात्र चप्पल बाहेर काढून आणि आवाज खाली ठेवून.

तीन वर्षांपूर्वीची पौषातली पहाट. अंबूबाईचे मालक बाळासो, वय अठ्ठ्याहत्तर, काजूच्या बागेखालच्या ओढ्यात घसरून पडले. सापडले ते ऊन आल्यावर. अंग ताठ, ओठ निळे, श्वास दिसेना...

पुतण्या हंबीरराव तसा गुणाचा, पण रडून मोकळं व्हायची भारी घाई. त्याने शेवटच्या आंघोळीची तयारी लावली. अंगणात तीन दगड, वर हंडा, शेजारी पाट.

अंबूबाईने मालकांच्या छातीला कान लावला.

काहीच नाही...

काहीच नाही...

मग आत, लांब कुठेतरी, एक ठोका.

"चुलत्याला पोचवायला लई उतावीळ झालास व्हय रं?" ती म्हणाली. "दवाखान्यात फोन लाव."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर अनुजाने बजावलं, हातपाय चोळू नका, उठवून बसवू नका, हिसका बसला तर हृदय बंद पडेल. ओले कपडे कापून काढा, घोंगड्यात गुंडाळा. काखेत, छातीशी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून ठेवा. गाडी निघाली आहे.

घरात चूल विझवलेली. गरम पाणी फक्त अंगणात.

हंबीरराव आडवा आला. "काकी, ते मेलेल्याचं पाणी हाय. एकदा तापवलं की कुणाला तरी घालावंच लागतंय."

"मग तू बस की पाटावर."

तिने हंडा रिकामा करून बाटल्या भरल्या.

सगळे आत मालकांभोवती बसले. तेवढ्यात अंगणातून आवाज आला...

रिकाम्या हंड्याच्या बुडाला तांब्या घासल्याचा.

मग पाणी ओतल्याचा. सावकाश...

अंबूबाई दारात गेली. अंगणात कुणी नव्हतं. पाट चिंब ओला. मधोमध मात्र कोरडा, माणूस बसून उठल्याएवढा.

मालक वाचले. दवाखान्यात कोमट सलाइन लावून हळूहळू ऊब दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला.

तेव्हापासून दर पौषात, त्याच तिथीला, अंबूबाई अंगणात हंडा तापवून ठेवते. का, ते कुणी विचारत नाही. सकाळी हंडा रिकामा असतो, पाट ओला.

ह्या वर्षी हंडा भरलेलाच निघाला.

पाट कोरडा.

त्या दिवसापासून ती मालकांचा हात सोडत नाही. मालक करवादतात, "जेवू तरी दे की गं."

हात गरम आहे.

अजून तरी...